भिंग आणि मोटेचे बैल

आमच्या भागात त्या काळी माणसाचा फोटो आयुष्यात एकदाच निघायचा, तोही आयुष्य संपल्यावर. माणूस गेला की एक जण लाकडं बघायला, एक जण पाव्हण्यारावळ्यांना कळवायला आणि एक जण जालन्याहून फोटोवाला आणायला पळायचा. मयताला आंघोळ घालून खुर्चीत बसवायचं, फेटा बांधायचा, हनुवटी पडू नये म्हणून फेट्याच्या आतून पट्टी आवळायची आणि दोन्ही बाजूंना लेकी-सुना उभ्या करायच्या. मग फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून म्हणायचा, "हलू नका." सगळे हलायचे. ज्याला सांगायची गरज नव्हती तो एकटाच नीट बसलेला असायचा. त्यामुळे फोटोत मयत तेवढं स्वच्छ यायचं आणि जिती माणसं पुसट.

तो फोटोवाला मी. पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली असतील. हैदराबादला एका स्टुडिओत काम शिकून मी परत आलो आणि जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला दुकान टाकलं. दुकानात मोठ्या हौसेनं पडदा रंगवून घेतला होता, त्यावर तळं, पायऱ्या आणि दोन हंस. नवरा-नवरी येतील, हंसांपुढे बसतील, लाजतील, अशी माझी कल्पना. पण दुकानात जो येई तो रडतच येई आणि मला उचलून गावाला नेई. हंस बिचारे धूळ खात राहिले.

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तीर्थपुरीच्या पलीकडे आमच्या गावात शेती करायचे. त्यांना माझा धंदा बिलकुल पसंत नव्हता. "शिकूनसवरून मढ्यायची तोंडं पुसून राह्यला," असं ते चारचौघांत सांगायचे. मी गावी गेलो की पाणी विचारायच्या आधी विचारायचे, "डबडं आणलं का संगं?" आणलं असेल तर कॅमेऱ्यानं गोठ्यात मुक्काम करायचा, ओसरीवर त्याला जागा नव्हती. एकदा म्हशीनं दूध कमी दिलं, तर तेही कॅमेऱ्यावर गेलं.

मला मात्र एका गोष्टीची धास्ती बसली होती. दादा आज ना उद्या जाणार आणि त्या दिवशी सगळं गाव माझ्याकडे बघणार. पंचक्रोशीत दुसरा फोटोवाला होता कुठं? माझ्या बापाच्या फेट्यात पट्टी मलाच आवळावी लागणार आणि काळ्या कापडातून त्यांना मलाच बघावं लागणार. दादांचा एक जिता फोटो मिळाला तर मेल्यावरचा काढायची गरज नाही, एवढं माझं साधं गणित होतं.

एकदा धीर करून त्यांना विचारलंच. ते भाकरी कुस्करत होते. वर न बघता म्हणाले, "माझ्या समोर ते डबडं आणायचं न्हाई. आणलं त्या दिशी मी मेलो समज."

दुसऱ्या कुणी हे सोडून दिलं असतं. पण मी त्यांचाच पोरगा, हट्ट मला कुठून बाहेरून आणावा लागला नव्हता. समोर आणायचं नाही म्हणाले ना? ठीक. समोर नाही आणणार.

जालन्यात तेव्हा एका भंगारवाल्याकडे लष्कराचं मोडकं सामान आलं होतं. फाटके बूट, पेट्रोलचे डबे, तंबूचे खिळे, आणि त्या ढिगात एक भिंग. भिंग कसलं, परात होती ती! मांडीएवढी जाड नळी आणि तिच्या तोंडाशी काच. विमानातून खालच्या मुलखाचे फोटो काढायचं ते भिंग होतं. भंगारवाल्याला काच-नळीचं कौतुक नव्हतं. त्यानं ते तराजूत टाकलं आणि पितळेच्या भावानं शेरावर मला विकलं. वर म्हणाला, "काच मोफत हाय, नको असली तर काढून देतो." हातोडी त्यानं खरंच उचलली होती.

एवढं भिंग माझ्या कॅमेऱ्याला लावायचं म्हणजे उंदराला हत्तीची सोंड लावण्यासारखं होतं. म्हणून सुताराकडून सागवानी लांबलचक पेटी करून घेतली. एका टोकाला भिंग आणि दुसऱ्या टोकाला माझ्या जुन्या कॅमेऱ्याची पाठ, म्हणजे चित्र बघायची दुधी काच आणि प्लेट सरकवायची खाच. नळीच्या पोटात एक झडप होती. बाहेरचा खटका ओढला की ती उघडून मिटायची आणि कुणी पाट आपटावा तसा आवाज यायचा. पेटीचं माप मी बराबर दिलं होतं. पण आमचा सुतार दिलदार. लाकूड सुकलं तर कमी पडायला नको म्हणून त्यानं अंगठाभर लांबी जास्तीची ठेवली आणि मला न विचारता खिळे मारून, लाख भरून पेटी कायमची पक्की केली. कपाटाला हा दिलदारपणा चालतो. भिंगाला तो चालत नाही. दुकानामागच्या मैदानात पेटी लावून बघितली तर दूरची जिनिंग गिरणीची चिमणी पुसट, जवळचा टांगा पुसट. एक शेत ओलांडलं की जेवढं अंतर होईल, तेवढ्याच अंतरावर एक शेळी होती आणि तिची दाढीसुद्धा मोजता येत होती. ती चार पावलं पुढं गेली की गेली.

मी आधी सुताराला शिव्या घातल्या, मग विचार केला. पेटी लांब-आखूड होत नाही, तर पेटीच पुढं-मागं करावी. पेटी उचलायला दोन माणसं लागत होती. मग ती बैलगाडीवर ठेवावी.

गावात माझा एक चुलत भाऊ होता. असल्या उद्योगात त्याला बोलवावं लागत नसे, वासानं यायचा. तो म्हणाला, "गाडी माझी. बैलबी माझे. पण साधे बैल फक्त पुढं जात्यात. मागं सरणारे पाह्यजेत. मोटेचेच लागतील." त्याचं खरं होतं. मोटेचे बैल विहिरीपासून उतरत जाणाऱ्या धावेवरून पुढं चालत पाणी ओढतात आणि मोट रिकामी झाली की उलट्या पावलांनी वर येतात. जन्मभर तेच केलेलं असतं त्यांनी. भावाकडची जोडी मोटेवर मुरलेली होती. ती त्यानं दादांकडूनच घेतली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पेटी जालन्याहून तीर्थपुरीपर्यंत मोटारीच्या टपावरून आली. वाटेत एका शिपायानं नळी बघून मोटार थांबवली. दिवसच तसे होते, लांब नळी दिसली की लोकांना अजून तोफच आठवायची. त्यानं नळीत डोळा घालून बघितलं, उलटी झाडं दिसली, आणि हातानं मोटार पुढं काढायची खूण केली. पुढं कटकट नको म्हणून तीर्थपुरीला भावानं पेटी गाडीत आडवी ठेवली आणि तिच्यावर गोधडी पांघरली.

चौकात एक म्हातारा उठून उभा राहिला. गाडीतला लांब, पांघरलेला आकार बघून त्यानं हात जोडले, पायातलं काढलं आणि गाडीमागं चालायला लागला. मयताबरोबर चार पावलं तरी चालावं आणि कोण गेलं ते विचारू नये, ही आमच्याकडची रीत. त्याला बघून आणखी दोघं आले. भाऊ वळून म्हणाला, "बाबा, कोणी गेलं न्हाई, ह्ये भिंग हाय." म्हातारा समजुतीनं म्हणाला, "असू दे लेकरा. कोणी का असंना." गावच्या शिवेपर्यंत आमच्या मागं चांगली यात्रा जमली होती. सगळ्यांना भावाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटावर, चहा पाजावा लागला. चहा पिऊन गेले, पण कोण गेलं ते कुणीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादांच्या विहिरीपलीकडच्या भावाच्या शेतात आम्ही गाडी लावली. गोधडीतून फक्त नळीचं तोंड बाहेर होतं. मी काळ्या कापडात गेलो. दुधी काचेवर चित्र उलटं पडतं, त्यामुळे दादा आभाळाला पाय लावून लटकत होते आणि पाणी खालून वर चढत होतं. पण होते दादाच! फेट्याचा शेव, धोतराचा काचा, खांद्यावरचा कासरा. मी भावाला सांगत गेलो, पुढं घे, अजून थोडं, मागं, मागं. बैल शहाण्यासारखे सरकत होते. चित्र स्वच्छ झालं. मी प्लेट घातली, खटक्याला हात नेला, आणि तिकडून दादांनी आपल्या बैलांना मागं बोलावलं, "होऽऽ होऽऽ, सर माघारी!"

आमची गाडी चालायला लागली. तीही माघारी.

भावानं कासरा ओढला, शिव्या दिल्या, शेपट्या पिरगाळल्या. बैलांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा जुना धनी पलीकडून बोलावत होता आणि ते आपलं इमान राखत होते. दादांची मोट रिकामी झाली की त्यांचे बैल धाव चढायचे आणि आमचे बैल मला घेऊन हरभऱ्यात शिरायचे. मोट पुन्हा भरेपर्यंत आम्ही गाडी जागेवर आणायचो, की परत "होऽऽ".

दिवसामागून दिवस हेच. प्लेटा वाया गेल्या. एका प्लेटवर अर्धं आभाळ आणि बैलाचं शिंग आलं. खटक्याच्या आवाजानं एकदा बैल उधळले ते थेट ओढ्यापर्यंत, आणि मी काळ्या कापडासकट पेटीला मिठी मारून होतो. दादा लांबून हात डोळ्यांवर धरून बघायचे. शेवटी त्यांनी ओरडून विचारलं, "काय करून राह्यले रे तिथं?"

"खत टाकून राह्यलो काका!" भाऊ ओरडला.

"रोज एकाच जागी? तुझ्या बापानं तरी असं टाकल्तं का?"

भावानं त्यावर खरोखरच दोन पाट्या खत टाकलं. पुढच्या साली त्या तुकड्यातला हरभरा कमरेला लागला म्हणतात.

अखेर मलाच सुचलं. बैल ऐकणारच नसतील तर त्यांच्या ऐकण्यावरच बेत करावा. आम्ही गाडी आधीच चार पावलं पुढं नेऊन उभी केली आणि चित्र जिथं स्वच्छ होतं तिथं चाकामागं धोंडा ठेवला. मी प्लेट घालून, खटका धरून बसलो. दादा धावेच्या तळाशी पोचले. मोट रिकामी झाली. त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला, मान वर केली आणि हाक दिली. आमचे बैल माघारी सरले, चाक धोंड्याला टेकलं, आणि मी खटका ओढला. एवढी खटपट आम्ही केली, पण फोटोची जागा जुळवली ती दादांनीच.

जालन्याला येऊन अंधाऱ्या खोलीत ती प्लेट धुतली तेव्हा मी एकटाच हसत सुटलो आणि मग रडलो. दादांचं तोंड उघडं होतं. हाक अजून चालूच आहे असं वाटत होतं. गळ्याची शीर दिसत होती, बैलाच्या पाठीवरची बोटं दिसत होती. आजवर मी काढलेला हा पहिला फोटो, ज्यात मधला माणूस जिता होता.

फोटो मोठा केला आणि फ्रेमवाल्याकडे दिला. इथं माझं डोकं चालायला हवं होतं. आमचा फ्रेमवाला मनानं चांगला, पण त्याच्याकडे येणारे सगळे फोटो माझेच, म्हणजे गेलेल्यांचे. प्रत्येक फ्रेमला तो न विचारता, आपल्याकडून, चंदनाच्या सालीचा हार घालायचा. दादांनाही त्यानं घातला आणि लाख वाळावी म्हणून फ्रेम दाराशी टांगली.

माझी आत्या अंबडला दिलेली. तिचा पुतण्या सरकी घ्यायला जालन्याला आलेला होता. त्यानं दारातला फोटो पाहिला, हार पाहिला. विचारणार काय? रीत नाही. चहाच्या टपरीवर दोन शब्द बोलला आणि मिळेल त्या मोटारीनं अंबड गाठलं.

मला कळलं दुसऱ्या दिवशी. टपरीवाला दुकानाशी थबकला, म्हणाला, "तुम्ही अजून इथंच? मला वाटलं गावाला गेल्ते. अंबडचे पाव्हणे कालच सांगून गेले, दादा गेले म्हणून."

फ्रेमचा विचारही मनात आला नाही. चार दिवसांपूर्वी ज्याला हाक मारताना बघितलं तो माणूस गेला, एवढंच डोक्यात. चप्पल शोधत होतो तर टपरीवाल्यानं आतून कॅमेरा आणून माझ्या हातात दिला. "हे राह्यलं. फोटो काढावा लागंल ना." माणूस भल्यासाठीच करत होता. मोटारीत पूर्ण रस्ताभर तो कॅमेरा माझ्या मांडीवर होता आणि माझ्या डोळ्यांपुढे ती पट्टी येत होती. मी देवाला म्हणालो, काहीही कर, पण आज माझ्या हातून हे करवून घेऊ नकोस.

घराशी पोचलो. आतून बायकांचा आक्रोश येत होता. ओसरीवर पुरुष डोक्यावर टॉवेल घेऊन, माना खाली घालून ओळीनं बसले होते. मी कॅमेरा टाकला आणि तोंड झाकून हंबरडा फोडला. कुणीतरी माझा दंड धरून मला खाली बसवलं.

"गप. बस इथं," दादा म्हणाले. "आत्याच्या घरचं कोणी तरी गेलंय."

टॉवेलाखाली दादाच होते. त्यांनी दबक्या आवाजात सगळं सांगितलं. आत्या गाडीतून उतरली ती पदरात तोंड झाकून, रडत, सरळ आत. आमची माय चुलीपुढून उठली. रडत आलेल्याला एकटं रडू देऊ नये, म्हणून तिनंही आत्याच्या गळ्यात पडून गळा काढला. शेजारणी आल्या, त्यांनीही काढला. दादा मळ्यातून आले, रडणं ऐकलं, पाय धुतले आणि टॉवेल घेऊन बसले. त्यांना बघून बाकीचे बसले. कोण गेलं ते कुणी कुणाला विचारलं नव्हतं. दादा म्हणाले, "बाई लई रडून राह्यली. फार जवळचं असंल."

तेवढ्यात आत्यासोबत येऊन परस्पर लाकडांची व्यवस्था बघायला गेलेला तिचा पुतण्या परत आला. दादांना बघून तो दारातच बसला. "तुम्ही... तुम्हाला... हार मी डोळ्यानं पाह्यला!"

"कोणाला हार?"

"तुमच्या फोटोला."

ओसरीवर सगळ्या माना वर झाल्या आणि माझ्याकडे वळल्या. आतलं रडणं थांबलं. आत्या बाहेर आली, दादांना बघितलं आणि पुन्हा पहिल्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागली. मी भिंग, गाडी, धोंडा, सगळं सांगून टाकलं.

दादा ओळीत बसलेल्या माझ्या चुलत भावाकडे बघून म्हणाले, "खत म्हणला ना रे तू?" आणि मग मला, "काय करत होतो मी फोटोत?"

"मोट हाणत होता."

"बैल आलेत का?"

"आलेत. तुमचा हात पाठीवर आहे."

"समोर आलास न्हाई. बराबर," ते म्हणाले. एवढं बोलून त्यांनी ओसरीवर नजर फिरवली. रडून लाल झालेले डोळे, आणून टाकलेली लाकडं, ओसरीच्या कोपऱ्यात माझा कॅमेरा. ते हसायला लागले, अगदी पोट धरून. "हार पडला. रडून झालं. लाकडंबी आली. आता मरायचं काय राह्यलं? मेलो मी. ते डबडं आण इकडं. आता समोरून काढ."

त्यांनी नवा फेटा बांधला. खुर्ची अंगणात आणली. एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला आत्या. दादा इतके ताठ बसले, डोळे इतके रोखले आणि ओठ इतके आवळले की पट्टीची आठवण व्हावी. "हलू नका," मी म्हणालो. माय आणि आत्या हसत होत्या, त्या पुसट आल्या. दादा हलले नाहीत. तो फोटो बघून ते समाधानानं म्हणाले, "हां. ह्यो मढ्याचा. मी गेलो की ह्योच लाव. दुसरा काढू नको. आणि त्या मोटेवाल्याचा हार पहिला उतरून टाक."

पुढं काही वर्षांनी ते खरंच गेले, झोपेत, काही त्रास न देता. अंगणात तीच खुर्ची कुणीतरी आणून ठेवली होती आणि लोक माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, दादांचा फोटो काढून झालेला आहे. खुर्ची मीच उचलून आत नेली. त्या दिवशी मला दादांजवळ नुसतं बसता आलं, पोरगा म्हणून. ते त्यांनी मला दिलं होतं.

दोन्ही फोटो आमच्या घरात एकाच भिंतीवर लावले. वर्षश्राद्धाला पाव्हणे जमले होते. नव्या सुनेनं खुर्चीतल्या दादांना हार घातला आणि उरलेला हार घेऊन मोटेवरच्या दादांकडे वळली. म्हाताऱ्या आत्यानं जागेवरूनच तिचा हात धरला.

"त्याला न्हाई बाई," ती म्हणाली. "त्यो मोटेवर हाय."